खिशातलं पाणी

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी भिजलेलं नाही. यात फुशारकी काही नाही, धंदाच तसा आहे. आम्ही छत्र्या दुरुस्त करतो. भिजलेला छत्रीवाला म्हणजे पोट बिघडलेला आचारी. लोक एकदा बघतात आणि दुसरं दुकान शोधतात. बाबा तर पाण्याला पाण्यातच पाहतो. आंघोळीला जातानाही त्याचा चेहरा असा असतो, जणू आत कुणीतरी समेटाची बोलणी करायला बसलंय आणि याला काही समेट करायचा नाही.

दुकानात आजोबांच्या वेळेपासून एक रीत आहे. छत्री दुरुस्त झाली की जो शिवेल त्याने ती उघडून दुकानाच्या मध्यभागी उभं राहायचं आणि दुसऱ्याने वरून मगभर पाणी ओतायचं. शिवणारा कोरडा राहिला तर छत्री गिऱ्हाइकाला जाते. भिजला तर टाके उसवायचे, पुन्हा शिवायचे आणि तोवर जेवायचं नाही. माझी आत्या चौतीस वर्षं अशी छत्रीखाली उभी राहत आलीय. चौतीस वर्षांत तिच्या अंगावर एक थेंब पडलेला नाही आणि एक जेवण चुकलेलं नाही.

खिडकीखालची बैठक आत्याची. एक चपटी झालेली उशी, पुढ्यात लाकडी ठोकळा, भिंतीला सुया टोचायची गादी. तिथे मांडी घालून ती सकाळी बसते ती दुपारी उठते. म्हणजे बसायची आणि उठायची. गेल्या महिन्यात एका दुपारी बसली ती उठलीच नाही. गुडघ्याने संप केला. बाबा आणि मी मिळून तिला उचललं, जिन्यावरून कपाट नेतात तसं, "तुझ्या बाजूने जरा वर घे" वगैरे म्हणत. कपाट आम्हाला शिव्या देत होतं.

डॉक्टरीणबाईंनी गुडघा वाकवून पाहिला, कान लावल्यासारखं करून आवाज ऐकला आणि कागदावर लिहून दिलं : रोज अर्धा तास छातीभर पाण्यात चालणे. तीन महिने.

बाबाने तो कागद दोनदा वाचला आणि गल्ल्यावर पालथा ठेवला. दुसऱ्या दिवशी तो खुर्ची घेऊन आला. हातांची, मऊ गादीची, पाठीला उशी असलेली. दाराशी ठेवली.

"ताई, आता तू इथे बस. गिऱ्हाइकांशी बोल. आराम कर."

"आणि शिवणार कोण?"

"मी आहे की."

बाबा दांडे सरळ करण्यात पटाईत आहे. काड्या बदलाव्यात तर त्यानेच. पण सुई तो अशी धरतो की सुईला त्याची दया यावी. आत्याने खुर्चीकडे पाहिलं. ती खुर्ची आरामाची नव्हती, निरोपाची होती. फक्त हारतुरे तेवढे बाकी होते.

तीन दिवस ती बसली खुर्चीवर. गिऱ्हाइकांशी बोल म्हटलं होतं, तर बोलली. एका माणसाला म्हणाली, "तुम्ही ही तिसरी छत्री मोडून आणताय. तुमची छत्री ठेवायची लायकी नाही, टोपी घ्या." तो खरंच समोरच्या दुकानात जाऊन टोपी घेऊन आला आणि आम्हाला दाखवून गेला. एका बाईंना म्हणाली, "कापड चांगलंय, तुम्ही वाईट वापरता." चौथ्या दिवशी दुकानात कुणी यायच्या आत तीच म्हणाली :

"मी पोहायच्या टँकवर जाणार. पाण्यात चालणार. आणि माझ्या जागेवर बसणार."

बाबा हसला. त्याचं हसणं म्हणजे फक्त मिशी हलते. "ताई, आपल्यातलं कुणी घोटाभर पाण्यातही उभं राहिलेलं नाही."

"म्हणूनच."

"तू टँकच्या पाण्यात उतरून आलीस ना, तर ती जागा तुझी. मी पुन्हा शब्द काढणार नाही. पण मला पुरावा पाहिजे. ओले केस नाही चालायचे. केस काय, नळाखालीही ओले होतात."

"देते पुरावा," आत्या म्हणाली आणि मला हाक मारली. "ए लांबोडे, गिऱ्हाईक पाच वर्षांत न्यायला आलं नाही त्या छत्र्या काढ."

लांबोडी म्हणजे मी. मला दुकानात उंचीमुळे ठेवलेलं आहे. माझं मुख्य काम वरून पाणी ओतणं.

टँकच्या खिडकीवर लिहिलेलं होतं : पोशाख नायलॉनचा असावा, सुती कपड्यांत पाण्यात उतरू नये. ते मी आधीच बघून आले होते. आत्याला आनंद झाला, कारण छत्रीचं कापड नायलॉनचंच असतं. तयार पोशाख विकत घ्यावा हा विचार तिला शिवला नाही. शिवणाऱ्या माणसाला विकत घेण्याचे विचार शिवत नसतात. तिने तीन छत्र्या उसवल्या. दोन काळ्या, एक कुठल्यातरी विमा कंपनीने फुकट वाटलेली. तिला कापड कापण्याची एकच पद्धत येते, त्रिकोणी पाकळ्यांची, म्हणून पोशाखही पाकळ्यांचाच झाला. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत, बाह्या मनगटापर्यंत, सगळीकडे घट्ट इलॅस्टिक. पाठीवर नेमकी विम्याची पाकळी आली : "काळजी सोडा, आम्ही आहोत."

पोटावर तिने खिसा शिवला. झाकण असलेला, मोठा. खिशाशिवाय कपडा म्हणजे तिच्या मते अर्धवट काम.

मग तिने सवयीने सगळ्या शिवणींवरून मेण फिरवलं. खिशाच्याही.

"आत्या," मी म्हटलं, "हा पोशाख पाण्यात जायचा आहे. पाणी आत येऊ नये म्हणून मेण कशाला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाचवीत नापास झालेय. "गळका माल माझ्या हातून जाणार नाही," ती म्हणाली.

टँक आमच्या दुकानापासून दोन चौक पुढे. आत्या पोशाख घालूनच निघाली. सकाळी नऊची वेळ. खिडकीतल्या बाईंनी दोन तिकिटं फाडली, मला एक हिरवी टोपी दिली, आत्याला एक हिरवी टोपी दिली आणि पोशाखाकडे बघून तिसरी टोपीही पुढे सरकवली. का, ते कळलं नाही. आम्ही घेतली.

आत गेल्यावर पहिली गोष्ट दिसते ती पाणी नाही. पाटी दिसते. निळी, माणसाच्या उंचीची, त्यावर तेवीस नियम. पाटीशेजारी उंच लोखंडी खुर्ची, खुर्चीला बांधलेली मोठी रंगीत छत्री आणि छत्रीखाली जीवरक्षक. गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पेपर. त्याचे कोरडे, चापूनचोपून बसवलेले केस बघून कळत होतं की या माणसाचाही पाण्याशी आमच्याइतकाच संबंध आहे. मी मनातल्या मनात त्याला शिट्टीवाला म्हणायला लागले.

आत्याने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती छत्रीकडे बघत होती. "एक काडी मोडलीय," ती पुटपुटली. "आणि शिवण उलटी." चार फुटांवर एवढं पाणी असताना.

शिट्टीवाल्याने पेपर खाली केला. "आजी, कुठे?"

"आजी कोणाला म्हणतोस? मला गुडघा दुखायला छप्पन्न वर्षं लागली, नातवंडं अजून नाहीत."

"बरं, काकू. कुठे निघालात?"

"पाण्यात."

"पोहता येतं?"

"चालता येतं."

शिट्टीवाल्याने पेपरची घडी करून पाटीकडे बोट केलं. "नियम सात. उथळ भाग फक्त बारा वर्षांखालच्या मुलांसाठी. नियम आठ. खोल भागात पोहता येणाऱ्यांनाच प्रवेश."

आत्याने दोन्ही नियम सावकाश वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले. "मग ज्याला पोहता येत नाही आणि ज्याची बारा वर्षं उलटलीत, त्याने कुठे उतरायचं?"

"घरी."

"आणि शिकायचं असेल तर?"

"नियम एकवीस. शिकवणी वर्ग सध्या बंद."

"का बंद?"

"शिकायला कुणी येत नाही." त्याने खांदे उडवले. "कुणाला पोहताच येत नाही, तर येणार कशाला?"

मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ते मनात दोनदा म्हणून पाहिलं. आत्याला नाही आवडलं. तिने खिशातून डॉक्टरीणबाईंचा कागद काढून त्याच्यापुढे धरला. त्याने वाचला, माझ्या हातात दिला.

"छातीभर म्हणजे खोलात येतं, काकू. खोलात पोहता येणारे. मी नियम केलेले नाहीत, मी फक्त शिट्टी वाजवतो." मग तो जरा पुढे वाकला, आवाज खाली आणला. "तुम्ही दोन चौकांवरच्या छत्रीवाल्या ना? हे बघा, ही माझी छत्री. काडी मोडल्यापासून दुपारी इथून ऊन येतं, थेट कानावर. तुम्ही तेवढी नीट करून द्या, मी अर्धा तास पेपर वाचतो. पेपर वाचताना मला काही दिसत नाही."

मी म्हटलं, चला, जमलं. काडी बदलायला आत्यालाही सातच मिनिटं लागतात. मी हिरवी टोपी घातलीसुद्धा.

"नाही," आत्या म्हणाली.

"अहो, काडी एकच आहे."

"धंदा दुकानात. इथे मी तिकीट काढून आलेय. तुझ्या न बघण्यावर मला उतरायचं नाही. तू बघत असताना उतरायचंय."

शिट्टीवाला माझ्याकडे वळला. ही बाई नेहमीच अशी का, असा त्याचा प्रश्न होता. मी मान हलवली. हो.

आत्या काठाकाठाने चालू लागली. एका बाजूला उथळ पाणी, तिथे सात-आठ पोरं एकमेकांवर ओंजळी उडवत होती. दुसऱ्या बाजूला खोल पाणी, तिथे कुणीच नव्हतं. दोन्हींच्या मध्ये, टँकच्या या काठापासून त्या काठापर्यंत एक दोरी, तिच्यावर लाल-पांढरे प्लास्टिकचे गोळे. दोरीशी लोखंडी शिडी. आत्या शिडीपाशी थांबली.

"लांबोडे, उथळ भाग कुठे संपतो?"

"दोरीपाशी."

"आणि खोल कुठे सुरू होतो?"

"दोरीपाशीच."

"दोरी कुणाच्या बाजूला?"

मी पाटीकडे पाहिलं. शिट्टीवाल्यानेही पाहिलं. दोरीबद्दल एकच नियम होता, चौदावा : दोरीवर बसू किंवा लोंबकळू नये.

"बसणार नाही," आत्याने तिथूनच सांगितलं. "लोंबकळणार नाही. माझं वय नाही ते."

आणि ती पाठमोरी होऊन शिडी उतरू लागली. पहिल्या पायरीला घोटा गेला. आमच्या घराण्याचा विक्रम तिथेच मोडला. ती थांबली. शिडीच्या दांड्यावर तिची बोटं पांढरी पडलेली मला दिसली. आत्या घाबरते ही गोष्ट मला वीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती. तिने खाली पाहिलं नाही, वरही पाहिलं नाही, समोरच्या फरशीकडे बघत एकेक पायरी उतरत गेली आणि छातीभर पाण्यात उभी राहिली. दोन्ही हात दोरीवर.

शिट्टी वाजली. ती ऐकून शिट्टीवाला स्वतःच दचकला, इतक्या दिवसांनी वाजली असावी.

"काकू, बाहेर!"

"कोणता नियम?"

तो खुर्चीवरून उतरला, पाटीपाशी गेला आणि बोट ठेवून पहिल्यापासून वाचू लागला. तो नियम सहापर्यंत पोचला तोवर आत्या चालायला लागली होती. दोरीच्या बरोबर खाली, तारेवर चालावं तशी. डावा पाय, उजवा पाय. पोरं ओंजळी थांबवून बघायला लागली.

"ती बाई कोणत्या बाजूची आहे?" एकाने विचारलं.

"कुठल्याच नाही," दुसरा म्हणाला. त्याच्या आवाजात आदर होता.

मग पोशाखाने आपलं खरं रूप दाखवलं. पाकळ्यांमध्ये हवा अडकली होती. मेणामुळे ती कुठूनच बाहेर पडेना. आधी खांदे फुगले, मग पाठ, मग सगळंच. टँकच्या मध्यावर पोचेपर्यंत आत्या म्हणजे एक उघडलेली छत्री झाली होती आणि तिचे पाय तळाला लागत नव्हते. तिचा एक हात दोरीवरून सुटला. मग दुसरा. ती वाऱ्याने सरकावी तशी खोल भागाकडे सरकली. पाठीवरचं "काळजी सोडा, आम्ही आहोत" आमच्याकडे तोंड करून हळूहळू लांब जात होतं.

"खोल भागात पोहता येणाऱ्यांनाच!" शिट्टीवाला ओरडला.

"मी बुडतेय का?" आत्याने ओरडून विचारलं.

"नाही!"

"मग मला पोहता येतं!"

"तुम्ही पोहत नाही, तरंगताय!"

"तरंगायला बंदी आहे?"

तो खरंच पाटीकडे वळला. त्याच क्षणी गळ्याच्या इलॅस्टिकमधून भुस्सकन मोठा बुडबुडा निघाला आणि आत्या खाली गेली.

आता मी विनोद करत नाही. हिरवी टोपी पाण्यावर राहिली आणि तिच्याखाली आत्या नव्हती. मी तीन पावलं धावले आणि काठाशी थांबले, कारण मलाही पोहता येत नाही, आमच्यात कुणालाच येत नाही. शिट्टीवाल्याने चष्मा फेकला, लांब बांबू घेतला आणि काठावरून पाण्यात खुपसला. बांबू आत्यापर्यंत पोचला. एक हात बाहेर आला आणि त्या हाताने बांबूला चापट मारून बाजूला सारलं. मग तिने तळाला पाय मारला असावा, कारण तो हात हवेत चाचपडत आणखी पुढे आला आणि दोरीवरच्या लाल गोळ्यावर पडला. दुसरा हात पांढऱ्यावर. तिने दोरी मनगटाने ओढली. गच्च बसलेलं कापड काडीवरून ओढून काढावं तशी.

डोकं वर आलं. ती खोकली, थुंकली, पुन्हा खोकली. पाय तळाला टेकले.

"आत्या, बाहेर ये!" मी ओरडले. माझा आवाज बाबासारखा निघाला, ते मला आवडलं नाही.

"थंड आहे," ती म्हणाली. आणि तिने डावा पाय पुढे टाकला.

"काकू, जीव जाईल!" शिट्टीवाला हातात बांबू घेऊन काठाने तिच्या बरोबरीने चालत होता.

"अजून वीस मिनिटं आहेत. मग बघू."

ती वीस मिनिटं चालली. या काठापासून त्या काठापर्यंत, दोरीखालून, बारा फेऱ्या. पहिल्या चार फेऱ्यांत तिचे दात वाजत होते. पाचवीत तिने दोरीवरचा एक हात सोडला. आठवीत पोरांनी फेऱ्या मोजायला सुरुवात केली, मोठ्याने. शिट्टीवाला तिच्या सोबत बारा फेऱ्या काठावरून चालला. बांबू त्याने खाली ठेवला नाही आणि शिट्टीही वाजवली नाही. मला वाटतं, चौदाव्या नियमापुढे त्याने वाचायचंच सोडलं.

ती शिडी चढून वर आली. शिट्टीवाल्याने हात पुढे केला. तिने पाहिला, घेतला नाही, पण म्हणाली, "मोडलेली काडी दुकानात आण. रांगेत उभा राहा."

"बरं, ताई," तो म्हणाला.

कपडे बदलायच्या खोलीत पोशाख काढताना लक्षात आलं की पोटावरचा खिसा टम्म फुगलाय. झाकणातून पाणी आत शिरलं होतं आणि मेणामुळे बाहेर पडायचा रस्ताच नव्हता. मी तो उलटा करायला गेले. आत्याने माझा हात धरला.

"थांब. पुरावा आहे तो."

दोन चौक आम्ही तो पोशाख दोघींमध्ये धरून आणला, तान्हं बाळ आणावं तसा. एक थेंब सांडला नाही. गळका माल तिच्या हातून जात नाही.

बाबा खिडकीखाली होता. आत्याच्या उशीवर, मांडी घालून, आत्याच्या ठोकळ्यावर एका मुलीची पिवळी छत्री घेऊन. तिचा शेवटचा टाका तो दातांनी तोडत होता. त्याने आत्याचे केस पाहिले.

"नळ," तो म्हणाला.

आत्याने पिवळ्या छत्रीकडे बोट केलं. "झाली छत्री?"

"झाली."

"मग उभा राहा."

रीत म्हणजे रीत. बाबा उठला, दुकानाच्या मध्यभागी गेला, पिवळी छत्री उघडून डोक्यावर धरली. मी पाण्याचा मग घ्यायला वळले. आत्याने मान हलवली, पोशाखाचा खिसा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "याने ओत."

मी लांब आहे म्हणून दुकानात आहे. मी हात वर केला, खिशाचं झाकण उघडलं आणि टँकचं पाणी पिवळ्या कापडावर ओतलं. ते चारी बाजूंनी खाली आलं, नीट, फरशीवर. बाबाची मिशी हलली. तेवढ्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या पाकळीच्या मधून, जिथे बाबाने टाके जरा लांब-लांब घातले होते, तिथून एक थेंब निघाला. काडीवरून घरंगळत आला, टोकाशी थांबला, विचार केला, आणि बाबाच्या नाकावर पडला.

बाबाने श्वास घेतला. टँकच्या पाण्याला एक वास असतो. औषधी, झोंबणारा, कुठल्याच नळाला न येणारा. तो वास बाबाच्या नाकात गेला ते मला त्याच्या डोळ्यांत दिसलं.

"भिजलास?" आत्याने विचारलं.

"नाही," बाबा म्हणाला. थेंब नाकावर तसाच होता.

आत्या खिडकीपाशी गेली. एक हात भिंतीला लावला, एक गुडघ्यावर ठेवला आणि खाली बसायला लागली. गुडघा दोनदा वाजला. तिसऱ्यांदा वाजायच्या बेतात होता, पण तिने त्याच्याकडे शिट्टीवाल्याकडे पाहावं तसं पाहिलं. ती बसली. मांडी पूर्ण झाली नाही, एक पाय लांबच राहिला. त्या लांब पायावर तिने बाबाच्या हातातली पिवळी छत्री ओढून घेतली आणि बाबाचा पहिला टाका उसवला.

"खुर्ची दारातून काढ," ती म्हणाली. "गिऱ्हाइकांना अडते. आणि जेवणाची घाई करू नकोस, तुला आज वेळ लागेल."

छत्री गेली तरी बाबा हात अजून वरच धरून उभा होता. मग त्याने तो खाली घेतला, खुर्ची उचलली आणि ती कुठे ठेवावी हे न कळून दुकानात एक फेरी मारली.